चाकरमानी घराण्याचा माग कसा काढावा: गाव, गिरणी, परदेश

कोकणातल्या कितीतरी घरांचा इतिहास एका दमात सांगून संपतो. पणजोबा गिरणीत लागले, आजोबा गोदीत, वडील बँकेत, आणि आता मुलगी अमेरिकेत. यात खोटं काही नाही, पण पणजोबा मुंबईत कोणाकडे उतरले, पहिले महिने त्यांना कोणी जेवू घातलं, मागे शेत कोणी कसलं आणि आजोबांच्या शाळेची फी कुठून आली, ते यातून कळत नाही. घराणं पुढे सरकलं ते या गोष्टींच्या जोरावर. त्यामुळे शोधायचं ते हेच.

खालची पद्धत रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगडच्या घरांसाठी आहे. साताऱ्या-कोल्हापूरहून गिरणगावात आलेल्यांनाही ती थोड्या फरकाने चालेल.

एक गोष्ट आधी पक्की करा: सुरुवात मुंबईत करू नका, गावात करा. मुंबईत गेलेला माणूस दहा-पंधरा जणांच्या खोलीत राहायचा. भाडेपावती दुसऱ्याच्या नावावर, नोकरी जॉबरच्या (गिरणीत माणसं भरणाऱ्या मुकादमाच्या) तोंडी शब्दावर, त्यामुळे त्याच्या नावाचा कागद क्वचितच असतो. गावात राहिलेल्या भावाच्या नावावर मात्र सातबारा, फेरफार, कुळकायद्याची केस आणि मनीऑर्डरी असतात. गेलेल्याचा माग राहिलेल्याच्या कागदांत लागतो.

आधी वही आखा

दोनशे पानी वही घ्या आणि पान आडवं धरून आठ रकाने पाडा: कोण गेलं, कधी, कुठून कुठे, कोणाच्या खोलीत उतरलं, कोणाच्या ओळखीने चिकटलं, भाड्याचे आणि सुरुवातीचे पैसे कोणाचे, मागे घर-शेत कोणी सांभाळलं, पुरावा काय. एका हालचालीला एक ओळ. सुट्टीला येणं-जाणं लिहू नका. पण संपात किंवा आजारपणात गावी परतून वर्षभर राहिलेला माणूस, बाळंतपणाला गावी जाऊन तिथेच राहिलेली बाई, शाळेसाठी मामाकडे ठेवलेला मुलगा, या सगळ्यांच्या ओळी हव्यात. मुंबईला जाणं म्हणजे एकदाच मारलेली उडी नव्हती. माणसं आयुष्यभर ये-जा करत होती.

पुराव्याच्या रकान्यात खात्रीही लिहा: कागद पाहिला असेल तर ‘क’, दोन माणसांनी स्वतंत्रपणे सांगितलं असेल तर ‘ख’, एकाच्याच तोंडचं असेल तर ‘ग’. सुरुवातीला बहुतेक ओळी ‘ग’ असतील आणि काही शेवटपर्यंत तशाच राहतील. त्या पुसू नका.

म्हाताऱ्या माणसांशी बोलताना

सन विचारू नका, कारण तो कोणालाच आठवत नाही आणि विचारला की माणूस अंदाजाने ठोकून देतो. त्याऐवजी खुणा वापरा. मानमोडीची साथ (१९१८), गोदीतला स्फोट (१४ एप्रिल १९४४), रामदास बोट बुडाली (१७ जुलै १९४७), नवे पैसे आले (१ एप्रिल १९५७), महाराष्ट्र झाला (१ मे १९६०), कोयनेचा भूकंप (११ डिसेंबर १९६७ ची पहाट), गिरणी संप (१८ जानेवारी १९८२ पासून), कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली (२६ जानेवारी १९९८). “भूकंपाच्या पहाटे तुम्ही गावच्या घरात होता की मुंबईच्या खोलीत?” या प्रश्नाला उत्तर येतंच. मग विचारा, “तेव्हा कोण कडेवर होतं?” या दोन उत्तरांवरून एका मुलाचं जन्मवर्ष आणि एक हालचाल दोन्ही हाती लागतात.

खोलीबद्दल विचारताना माणसांची संख्या विचारू नका, ट्रंका किती होत्या ते विचारा. गावकीच्या खोलीत प्रत्येकाची पत्र्याची ट्रंक भिंतीला लावलेली असायची. दिवसपाळीचा माणूस उठला की त्याच जागेवर रातपाळीचा निजायचा, त्यामुळे माणसं मोजताना गोंधळ होतो, ट्रंका मोजताना होत नाही. म्हाताऱ्याला खोलीचा नकाशा कागदावर काढायला सांगा आणि एकेक ट्रंक कोणाची ते लिहून घ्या. त्या यादीतले निम्मे लोक तुमच्याच वाडीचे निघतील, आणि त्यांच्या घरी तुमच्या माणसाचे फोटो, पत्रं सापडण्याची शक्यता आपल्या घरापेक्षाही जास्त असते.

गावी राहिलेल्या बायकांशी वेगळ्याने बोला, घरातले पुरुष समोर नसताना. पैसे किती यायचे, कोणत्या महिन्यात आले नाहीत आणि तेव्हा कोणाच्या दुकानात उधारी झाली हे त्यांना नेमकं ठाऊक असतं. एका बैठकीला पाऊण तास पुरे. फोनवर रेकॉर्डिंग करा, पण आधी सांगून.

मनीऑर्डरचं कुपन कसं वाचायचं

भारतात टपालाची मनीऑर्डर १८८० साली सुरू झाली, आणि पुढची शंभर वर्षं रत्नागिरी जिल्ह्यातल्या घरांचे संसार तिच्यावर चालले. फॉर्मच्या एका टोकाला मजकुराचं छोटं कुपन असायचं. पोस्टमन पैसे देताना ते फाडून घरच्यांकडे द्यायचा. पोचपावती सही-अंगठा घेऊन पाठवणाऱ्याकडे परत जायची. म्हणजे कुपन गावच्या घरात, पोच मुंबईच्या खोलीत. कुपनं तारेत ओवून खुंटीला टांगलेली असतात, नाहीतर देवघरातल्या पोथीत, सुपाऱ्यांच्या डब्यात किंवा माळ्यावरच्या ट्रंकेच्या तळाशी घातलेल्या वर्तमानपत्राखाली सापडतात.

एक कुपन हातात घ्या. आधी गोल शिक्का पाहा. त्यावर पोस्टाचं नाव आणि तारीख असते. परळ, चिंचपोकळी, डिलाईल रोड, शिवडी यांपैकी कोणतं पोस्ट आहे त्यावरून माणूस कुठे राहायचा ते कळतं. सगळी कुपनं तारखेने लावली की पोस्ट बदललेलं दिसतं, म्हणजे खोली बदलली. मग रक्कम पाहा. ठरलेला आकडा महिनोन् महिने येत असेल तर माणूस कायम झालेला आहे. आकडा वर-खाली होत असेल, मधले महिने कोरे असतील, तर तो बदलीवर, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी लागेल तसा कामावर होता. दिवाळीनंतर मोठी रक्कम आली असेल तर बहुधा बोनस. जून महिन्यातली जादा रक्कम पेरणीची किंवा शाळेची. शेवटी मजकूर. जागा दोन बोटांची, त्यामुळे त्यात फक्त कामाचं असतं: इतके दुकानदारास, इतके वह्या-पुस्तकांस, धाकट्यास शाळेतून काढू नये. मुलाच्या शिक्षणाचा निर्णय कोणी आणि कधी घेतला याचा कागदोपत्री पुरावा बऱ्याच घरांत एवढाच असतो. तोही बहुधा दुसऱ्याच्या हस्ताक्षरात, कारण पाठवणाऱ्याला लिहिता येत नसायचं. हस्ताक्षर बदललं ते वर्ष टिपून ठेवा.

कुपनं पुसायला ओला फडका वापरू नका, शाई लगेच पसरते. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटका आणि दोन्ही बाजूंचे फोटो घ्या.

गावचं दप्तर

पहिला थांबा शाळा. जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळेत जनरल रजिस्टर असतं. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज देऊन उतारा मागा. नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख, पूर्वीची शाळा, दाखल तारीख, सोडल्याची तारीख आणि सोडण्याचं कारण असे रकाने त्यात असतात. नुसता दाखला मागितला तर जन्मतारीख आणि जात एवढंच पाहून परत याल. आपल्याला हवे आहेत शेवटचे दोन रकाने. कारणाच्या जागी ‘मुंबईस गेला’ असं लिहिलेलं सापडलं की गावातून निघाल्याची तारीख मिळाली. १९८२-८३ च्या पानांवर उलटी वाट दिसते: पूर्वीच्या शाळेच्या रकान्यात मुंबई महापालिकेची शाळा आणि मूल मधल्याच इयत्तेत गावच्या शाळेत दाखल. संपाने किती बिऱ्हाडं गावी परत आणली ते या पानांवर मोजता येतं. एका भावंडाचं नाव सापडलं म्हणून थांबू नका. पुढची-मागची दहा वर्षं चाळा, चुलत भावंडंही बघा. शाळा बंद किंवा विलीन झाली असेल तर पंचायत समितीच्या शिक्षण विभागात दप्तर कुठे गेलं ते विचारा.

दुसरा थांबा तहसीलचा अभिलेख कक्ष. तिथे गाव नमुना १४, म्हणजे कोतवालाने ठेवलेली जन्म-मृत्यूची नोंद. जुन्या पानांत बहुतेक वेळा बाळाचं नाव नसतं, बापाचं नाव आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढंच असतं. त्यामुळे एकाच बापाच्या सगळ्या नोंदी क्रमाने काढाव्या लागतात आणि भावंडांचा क्रम घरच्या माणसांकडून जुळवावा लागतो. नक्कल मागताना छायांकित प्रत मागा. हाताने उतरवलेल्या नकलेत नाव चुकलं की ती चूक पुढच्या प्रत्येक कागदात उतरते. जुनी पानं मोडीत असतील. मोडी वाचता येणारा माणूस शोधा आणि त्याच्याकडून अक्षरशः लिप्यंतर घ्या, सारांश घेऊ नका. मोडीत शब्द सुटे नसतात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, त्यामुळे सारांशात वाचणाऱ्याचा अंदाज मिसळतो. शके दिलेला असेल तर त्यात ७८ मिळवा, जानेवारी ते मार्चमध्ये येणाऱ्या तिथींना ७९.

नावं वाचताना ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा आणि ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको हे लक्षात ठेवा.

तिसरा थांबा जमीन. इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. आजचा सातबारा उपयोगाचा नाही. त्यावर खाली लिहिलेले फेरफार क्रमांक उपयोगाचे. ते क्रमांक घेऊन गाव नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवही, आणि ६-क ही वारस नोंदवही मागा. बऱ्याच तालुक्यांचे जुने अभिलेख ‘आपले अभिलेख’ या शासनाच्या संकेतस्थळावर स्कॅन होऊन आले आहेत. तालुक्याला फेरी मारण्याआधी तिथे बघा.

मुंबईला गेलेल्या भावाचं नाव सातबाऱ्यावर सापडत नाही तेव्हा लोक समजतात की त्याला डावललं. घाई करू नका. थोरल्याच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ किंवा ‘ए.कु.क.’ असेल तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर किंवा कर्ता म्हणून लागलेला आहे. धाकटे त्याच्या मागे झाकलेले असतात. ‘अ.पा.क.’ असेल तर अज्ञान, म्हणजे अल्पवयीन मुलाचा पालनकर्ता. म्हणजे त्या वर्षी बाप वारलेला होता आणि मूल लहान होतं, ही आणखी एक माहिती.

कोकणात हिस्से आणे-पैत लिहिलेले असतात आणि त्यांतून भावंडांची संख्या निघते. रुपयाचे १६ आणे, आण्याचे १२ पै, म्हणजे पूर्ण रुपया १९२ पै. हिस्सा ‘५ आणे ४ पै’ असेल तर ६४ पै, म्हणजे एक तृतीयांश: तीन भाऊ. ‘२ आणे ८ पै’ असेल तर ३२ पै, म्हणजे एक षष्ठांश. इथे आधी दोन भावांत आणि मग एकाच्या तीन मुलांत वाटणी झाली असेल, किंवा उलट. तोंडी वंशावळीत दोनच भाऊ सांगितले जात असतील आणि हिशेब तीनचा येत असेल, तर तिसरा कुठे गेला ते शोधा. मुंबईत बिनलग्नाचा वारलेला किंवा बोटीवर गेलेला भाऊ असा सापडतो.

खोती गाव असेल तर १९४९ चा खोती निर्मूलन कायदा आणि त्यानंतर १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन (कुळकायद्याने कूळ मालक ठरण्याचा दिवस), या दोन तारखांच्या आसपासचे फेरफार आवर्जून काढा. कूळ मालक झालं त्या केसची, म्हणजे कुळकायद्याच्या कलम ३२ग ची फाईल तहसीलच्या कूळ शाखेत असते. तिच्यातल्या जबाबात जमीन कोण कसतो, कुटुंबात कोण आहे, कोण मुंबईस नोकरीला आहे हे लिहिलेलं असतं. गावी राहिलेल्या भावाने हातात नांगर धरला होता म्हणून जमीन वाचली, हे त्या जबाबात त्याच्याच शब्दांत मिळतं. वहीचा सातवा रकाना इथे भरतो.

मुलींची नावं वारस नोंदीत बऱ्याचदा गाळलेली असतात. त्या हक्कसोडपत्रात सापडतात. हक्क सोडणं कायदेशीर व्हावं म्हणून तिथे प्रत्येक बहिणीचं सासरचं नाव आणि पत्ता लिहावाच लागतो. बहिणींच्या घरचा माग तिथून पुढे न्या. भावाला मुंबईत पहिला आसरा बहिणीच्या बिऱ्हाडात मिळाला, असं अनेक घरांत आहे.

एक सावधगिरी. मुंबईचा माणूस जुने सातबारे काढू लागला की गावचे चुलते धास्तावतात. ही धास्ती खरी आहे, वाटण्यांच्या केसेस अशाच सुरू होतात. म्हणून अर्ज करण्याआधी गणपतीत किंवा शिमग्याला सगळे जमतात तेव्हा कशासाठी शोधता आहात ते सांगा, आणि निघालेल्या प्रत्येक नकलेची एक प्रत त्यांच्याकडे द्या. हे केलं नाही तर दरवाजे बंद होतात आणि आठवणीही.

मुंबई

१९३५ साली बदली कामगारांना कार्ड देण्याची पद्धत सुरू झाली. त्याआधी भरती जॉबरच्या हातात होती, त्यामुळे १९३५ पूर्वीच्या कामगाराचा गिरणीतला कागद सापडेल अशी आशा धरू नका. त्यासाठी खोलीचा माग काढा. गावकरी मंडळाच्या मुंबईतल्या वर्गणी वहीत नाव, रक्कम आणि बऱ्याचदा चाळीचा पत्ता असतो. देवळाच्या जीर्णोद्धाराच्या, शाळेच्या इमारतीच्या देणगी याद्याही बघा. गोव्याहून आलेल्या घरांनी आपल्या गावच्या कुडाची, म्हणजे मुंबईतल्या गावकऱ्यांच्या सामायिक बिऱ्हाडाची दप्तरं पाहावीत.

१९५२ नंतरच्या कामगाराचा प्रॉव्हिडंट फंड आणि १९५४ नंतरचं ईएसआय (कामगार विमा) कार्ड असू शकतं. हजेरी कार्ड, रजेचं कार्ड, तिकीट नंबर, युनियनची पावती हे ट्रंकेत शोधा. घरातल्या कोणी म्हाडाच्या गिरणी कामगार घरांसाठी अर्ज केला असेल तर आधी ती फाईल उघडा. त्यासाठी हे सगळे कागद एकदा गोळा झालेले असतात आणि मग विसरले जातात.

पत्त्याचा पुरावा म्हणून रेशनकार्ड उत्तम. मुंबईत रेशनिंग १९४३ पासून. कार्डावरची खोडलेली नावं वाचा. नाव कमी केल्याचा दाखला घेऊन माणूस गावी किंवा दुसऱ्या खोलीत गेलेला असतो आणि तारीख तिथेच असते. बीडीडी चाळीतली १६० चौरस फुटांची खोली ज्याच्या नावावर होती तो आणि तिथे राहणारे वेगळे, हे धरून चाला. महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदींसाठी आजचा वॉर्ड लागतो: वरळी, लोअर परळ जी-दक्षिणमध्ये, लालबाग, परळ, शिवडी एफ-दक्षिणमध्ये, भायखळा, माझगाव ई वॉर्डात. पहिली बाळंतपणं बहुतेक गावी झाली, त्यामुळे मुंबईत नोंद नसणं यात आश्चर्य नाही. मुंबईतलं पहिलं बाळंतपण ज्या वर्षी झालं, त्या वर्षी बिऱ्हाड इथे स्थिरावलं असं समजायला हरकत नाही.

परदेश

इथेही प्रश्न तेच: कोणाच्या खोलीत, कोणाच्या ओळखीने, कोणाच्या पैशाने.

बोटीवर गेलेल्याची नली शोधा. खलाशाच्या सीडीसीला, म्हणजे जहाजावरच्या नोकरीच्या नोंदपुस्तकाला हे नाव पडलं ते ती पत्र्याच्या नळकांड्यात ठेवायचे म्हणून. तिच्यात फोटो, प्रत्येक जहाजाचं नाव, चढल्या-उतरल्याच्या तारखा असतात. एका नलीवरून वीस वर्षांचा प्रवास महिन्यागणिक मांडता येतो.

आखाती देशांत गेलेल्यांचे रद्द पासपोर्ट टाकू देऊ नका. नव्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर जुन्याचा क्रमांक, तारीख आणि कुठून दिला ते असतं. एकाला दुसरा जोडत पहिल्यापर्यंत जाता येतं. व्हिसाच्या पानावर मालकाचं किंवा कंपनीचं नाव असतं. तेच नाव वाडीतल्या दुसऱ्या कोणाच्या पासपोर्टवर दिसलं तर कोणी कोणाला नेलं ते कळलं. पहिल्या तिकिटासाठी दागिना गहाण पडला असेल तर सोनाराची किंवा पतपेढीची पावती शोधा.

अमेरिकेचा १९६५ चा स्थलांतर कायदा आल्यावर इंजिनिअर, डॉक्टर गेले आणि मग त्यांनी भावंडांसाठी अर्ज भरले. भावंडांच्या अर्जाला दहा वर्षांहून जास्त थांबावं लागतं, म्हणून अर्जाची तारीख आणि पोचल्याची तारीख दोन्ही लिहा. मधल्या वर्षांत आई-वडिलांकडे कोण राहिलं तेही लिहा. ग्रीनकार्डवरचा ‘ए’ क्रमांक जपून ठेवा, त्या क्रमांकाची फाईल त्या व्यक्तीला स्वतः अर्ज करून मागवता येते.

ओसीआयसाठी (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या कार्डासाठी) आई-वडील, आजी-आजोबा किंवा पणजी-पणजोबांचे कागद लागतात तेव्हा ही सगळी साखळी कामी येते, आणि अडतं ते नावांच्या फरकावर.

नेहमी चुकतं ते

आडनाव. मुंबईत नाव लिहिताना अनेकांनी गावाच्या नावाला ‘कर’ लावलं, गावच्या दप्तरात मात्र कुळाचं आडनाव किंवा नुसतं बापाचं नाव. दोन्ही नावं एकत्र आलेला एक तरी कागद मिळेपर्यंत दोन माणसं एकच आहेत असं धरू नका.

नातवाला आजोबांचं नाव. सखाराम रामा, रामा सखाराम, पुन्हा सखाराम रामा. नावाआधी पिढीचा आकडा टाका, नाहीतर दोन माणसांचं आयुष्य एकात शिवलं जातं.

१ जून ही जन्मतारीख. शाळा जूनमध्ये भरायची आणि गुरुजींनी तीच तारीख घातली. तिच्यावर फक्त वर्षाचा अंदाज बांधा, तोही दोन वर्षं पुढे-मागे.

जिल्हा. सिंधुदुर्ग १९८१ साली वेगळा झाला आणि त्याच वर्षी कुलाब्याचा रायगड झाला. त्याआधीच्या कागदावर मालवण, कणकवली रत्नागिरीतच असणार. सावंतवाडी १९४८ पर्यंत संस्थान होतं.

जपणूक

कागद लॅमिनेट करू नका, उष्णतेने शाई जाते आणि प्लास्टिक पुन्हा निघत नाही. चिकटपट्टीही नको. कागद ३०० डीपीआय आणि फोटो ६०० डीपीआयला स्कॅन करा. फोटोच्या मागची बाजू, स्टुडिओचा शिक्का असतो म्हणून, वेगळी स्कॅन करा. फाईलचं नाव वर्षाने सुरू करा, मग व्यक्ती, मग कागदाचा प्रकार. मूळ कागद ज्या घरात सापडला त्याच घरात ठेवा. वहीच्या तीन प्रती काढा आणि त्यांतली एक, पावसाळ्याआधी प्लास्टिकच्या बंद डब्यात घालून, गावच्या घरी माळ्यावर न ठेवता खालच्या कपाटात ठेवा.